आधी गळती शोधा, मग गिअरबॉक्स उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सुरू झाला की घाटांत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यांतील काहींचा दोष रेडिएटरचा नसतो. इंजिनाच्या मागच्या, हात न पोचणाऱ्या बाजूने कित्येक महिने थेंबथेंब चाललेल्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, गळतीचा असतो. अशा गळतीच्या दुरुस्तीत सुट्या भागाला फारसे पैसे पडत नाहीत, पैसे पडतात ते तिथपर्यंत पोचायला. म्हणूनच काहीही खोलण्याआधी गळती नेमकी कुठे आहे हे चाचणीने ठरवावे आणि ते ग्राहकाला लेखी द्यावे, अशी पद्धत आपल्याकडील गॅरेजांनी पाळावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या अकरा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीत दर आठ-दहा दिवसांनी टाकीतील कूलंट बोटभर खाली जात असे. गाडीखाली डबके कधीच दिसले नाही. रात्रभर उभी राहिली तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्याच्या खाली दोन-तीन थेंब सापडत. पहिल्या गॅरेजने वॉटर पंप बदलला, गळती होती तशीच राहिली. दुसऱ्याने थेंबांची जागा पाहून सांगितले की, ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, मागचे भोक बुजवणारा कोअर प्लग, ज्याला मिस्त्रीमंडळी ‘डमी’ म्हणतात, तो गंजून सुटला आहे. पातळ पत्र्याच्या वाटीसारखा हा प्लग गिअरबॉक्सच्या आड असल्याने गिअरबॉक्स आणि क्लच उतरवणे ओघानेच आले आणि अंदाजपत्रक अठरा हजारांवर गेले. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतलेल्या इंजिनात हे प्लग आतून खरोखरच गंजतात, त्यामुळे हा तर्क अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण तो तर्कच होता, आणि त्याच्या भरवशावर गाडी अर्धी खोलली जाणार होती.

तिसऱ्या, अगदी लहानशा गॅरेजमधील तरुण मिस्त्रीने पाना हातात घेण्याआधी प्रेशर टेस्टर लावला. मोटारीची कूलिंग यंत्रणा घरातल्या प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालते. झाकणामुळे आत सुमारे १ बार इतका जादा दाब राहतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. गाडी चालू असताना या दाबाने बाहेर आलेला थेंब तापलेल्या धातूवर लगेच वाळून जातो, म्हणून डबके दिसत नाही. मागे राहतो तो फक्त वाळलेल्या कूलंटचा पापुद्रा. टेस्टर म्हणजे दाबमापक बसवलेला हातपंप. इंजिन पूर्ण थंड असताना तो टाकीच्या तोंडावर बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि वाट पाहायची. माझ्या गाडीत पंधरा मिनिटांत काटा स्पष्टपणे खाली आला. मग त्याने काडीला लावलेला आरसा आणि मोबाइलला जोडलेला बारीक कॅमेरा आत सरकवला. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, ब्लॉकच्या मागच्या अंगाने एक लोखंडी पाण्याची पाइप जाते. तिच्या टोकाच्या रबरी ओ-रिंगपाशी गुलाबी-पांढरा थर जमला होता. तिथून कूलंट ब्लॉकच्या कडेने ओघळत खाली येई आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरून टपके. पाणी उताराच्या वाटेने जाते, हे आपण गळक्या छपराच्या बाबतीत विसरत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र दोन गॅरेजे विसरली.

त्या रिंगेची किंमत नव्वद रुपये. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागले आणि दिवस गेला. पाइपचे टोक बारीक पॉलिश पेपरने साफ करून, त्यावर गंजाचे खड्डे नाहीत ना हे त्याने बोट फिरवून पाहिले. खड्डे असते तर नवी रिंगही टिकली नसती. रिंग त्याने कूलंटमध्येच बुडवून बसवली. ग्रीस लावले तर बरे, असे मी सुचवले होते. त्यावर, या जातीचे रबर खनिज तेलाने फुगते, असे त्याने मला समजावले. शेजारचे हीटरचे दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, गळत नव्हते तरी बदलले, कारण पुन्हा तिथे पोचायचे तर तोच खटाटोप करावा लागला असता. ही मजुरी देताना मला जराही जड गेले नाही.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती थांबवणारे जुने ड्रायव्हर असत, आणि आता त्याच कामाच्या पावडरी बाटलीतून मिळतात. आडरानात गावापर्यंत पोचायला त्यांचा उपयोग होत असेलही. पण सुकलेल्या ओ-रिंगवर तो इलाज नव्हे, आणि तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत अडकला की दुसरे दुखणे सुरू होते.

दुरुस्तीसाठी काढलेले जुने कूलंट सर्रास गटारात ओतले जाते, हेही सांगितले पाहिजे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल दाद मागता येते. परंतु दुरुस्तीच्या कागदावर ‘गळतीचे काम’ एवढेच लिहिलेले असेल, तर चूक निदानाची होती की हातकामाची हे सिद्ध कसे करायचे? दाब किती दिला, किती वेळात किती उतरला, गळती कुठे दिसली, या तीन गोष्टी अंदाजपत्रकाच्या डोक्यावर लिहायला पाच मिनिटे पुरतात. वाहनदुरुस्तीच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना एवढे बंधनकारक करावे, आणि तोवर वाहनधारकांनी गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी हा कागद मागून घ्यावा.

आपला,
एक वाहनधारक, सातारा