पत्रा कशाने कापला ते पण विचारा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २६ वर्षं डेंटिंगचं काम करतोय. तुमच्या पेपरात नवीन गाड्या, मायलेज, किमती सगळं येतं पण गाडी ठोकल्यावर तिचा पत्रा कसा बदलतात यावर कधी दोन ओळी वाचायला मिळाल्या नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. जमलं तर छापा.

गेल्या महिन्यात एक गाडी आली, मागच्या चाकावरचा पत्रा दीड वर्षापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात बदललेला. पेंट एकदम झकास, पण चाकाच्या कडेला फोड आलेले, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. लांबी म्हणजे रंगाखालची पुट्टी उकरून बघितलं तर आत सगळं काळंठिक्कर, जुना पत्रा गॅस कटिंगनं काढलेला आणि त्याच जळक्या कडेवर नवीन पॅनल मारून दिलेला. मालकाला दाखवलं तर बिचाऱ्याचं तोंडच पडलं, म्हणाला मी तर रंग मॅच झाला का एवढंच बघितलं होतं.

साहेब, गॅसची ज्योत ३००० डिग्रीच्या वर जाते आणि पत्र्यावरचं जस्त ४२० ला वितळतंय, म्हणजे कापल्या जागेच्या आजूबाजूचं गंजापासून वाचवणारं कोटिंग तिथल्या तिथं खलास. वर पत्रा ०.७-०.८ एमएमचा, तो उष्णतेनं वाकडा होतोय मग ते लपवायला लांबीचा थर. आपल्याकडं पावसाळा कसा असतो ते सांगायला नको, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या तर दरवाजाखालची पट्टी आतून सडून अजून येतात, तिथंही तेच गॅस आणि तीच छिन्नी.

आता काय वापरायचं ते सांगतो. कंपनीतनं पॅनल स्पॉट वेल्डिंगनं, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यानं जोडलेलं असतंय, तर पहिलं काम म्हणजे तो स्पॉट सोडवायचा, फाडायचा नाही. त्याला ८ एमएमचं स्पॉट ड्रिल मिळतंय, टोक मध्ये बारीक आणि बाजू जवळजवळ सपाट, म्हणजे वरचाच पत्रा कापतोय आणि खालचा शाबूत राहतो. साधं ड्रिल बिट लावलं की ते घसरतंय नाहीतर आरपार जातंय आणि नवीन पॅनल बसवायला खाली जागाच उरत नाही. आधी पंच मारा, स्पीड कमी ठेवा, घाई करू नका. जिथं ड्रिल शिरत नाही तिथं १० एमएम पट्ट्याचा बारीक सँडर चालवून स्पॉट घासून काढायचा, वेळ लागतोय पण काम स्वच्छ होतंय.

लांब कट मारायचा असेल तर माझ्या मते हवेवर चालणारी बॉडी सॉ, म्हणजे पत्रा कापायची करवत, सगळ्यात चांगली. पत्रा तापत नाही, ठिणग्यांचा पाऊस नाही, आणि पातळ पत्र्याला इंचाला ३२ दाती ब्लेड घ्यायचं, जाड दाताचं ब्लेड पत्र्यात अडकून तुटतंय. एक खुबी सांगतो, वरच्या पत्र्यामागं आतलं मजबुतीकरण असलं तर ब्लेड तोडून आखूड करून घ्यायचं म्हणजे आतल्याला धक्का लागत नाही. कॉम्प्रेसर मात्र दमदार पाहिजे, छोट्यावर दोन मिनिटं चालते आणि हवा संपते, म्हणूनच बरेच जण ती बाजूला ठेवून ग्राइंडर उचलतात. ग्राइंडर वाईट नाही, १ एमएमची चकती लावून आधी खुणेपासून बोटभर लांब रफ कट मारायला चालतंय, पण काचेवर आणि सीटवर ओलं गोणपाट टाका, ठिणगी काचेत रुतते ती परत निघत नाही. आणि गार्ड काढून चालवू नका हो! मी शिकाऊ असताना आमच्याच शेडमध्ये चकती फुटली आणि एका पोराच्या भुवईत तुकडा घुसला, डोळा थोडक्यात वाचला. चकतीच्या मधल्या रिंगवर वापरायची मुदत छापलेली असते, ती कोणी वाचत नाही, चकती दमट पोत्यात पडलेली आणि तीच लावायची.

खरी काळजी मला पिलरची, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाची वाटते. आता गाडी आपटून बघून स्टार देणारी भारत एनकॅप चाचणी आल्यापासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, गिऱ्हाईक स्टार बघून गाडी घेतंय, चांगलंच आहे. पण दोन दरवाजांमधला पिलर बऱ्याच गाड्यांत बोरॉन स्टीलचा असतो, १५०० मेगापास्कलची ताकद, साधं ड्रिल नुसतं किंचाळतंय. कोबाल्ट नाहीतर कार्बाइड बिटच लागतंय. त्याला गॅस लावला की त्याची कडकपणाची जान गेली, ती परत कुठल्या वेल्डिंगनं येत नाही. आणि छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅगची गॅसची नळकांडी असते, तिथं मॅन्युअल न बघता कट मारणं म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरी सोडवल्याशिवाय हात घालू नये.

स्पॉट ड्रिल काही शे रुपयांचं आहे, बॉडी सॉ काही हजारांची. आयटीआयमध्ये पोरांच्या हातात हे देऊन शिकवा, आणि विम्याच्या सर्व्हेअर साहेबांनी पेंट झाल्यावर नाही तर जुना पत्रा काढल्यावर, प्रायमर मारायच्या आधी गाडी बघायला यावं. गाडीवाल्यांनीही त्याच दिवशी अर्धा तास काढून गॅरेजात यावं, कापलेली कड निळी-काळी दिसली तर तिथंच काम थांबवायला सांगा, आम्हाला राग येणार नाही.

आपला,
एक डेंटर, उद्यमनगर, कोल्हापूर