एल्कसाठी पाच मैल आत जायची गरज नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी पोरांच्या धनुष्यबाणाच्या शिकारीवर एक लेख आला होता, तो मला इकडे डेन्व्हरमध्ये तीन जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, कारण त्यांना माहितीये की गेली सहा वर्षं दर सप्टेंबरात मी हेच करतो. लेख मनापासून लिहिला होता, पण त्यातला एक सल्ला वाचून राहवेना म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की सरकारी जंगलात फार गर्दी असते, तर रस्त्यापासून पाच-सहा मैल आत जा आणि जोरात बुगल वाजवा (म्हणजे नळीतून माजावरच्या नरासारखा आवाज काढा), एल्क आपोआप येईल. संपादक साहेब, हे वाचून एखादा नवीन मुलगा खरंच एकटा पाच मैल आत गेला आणि त्याला खरंच एल्क मिळाला, तर त्याचं काय होईल ते कुणीतरी सांगायला हवं.

आधी थोडं वाचकांसाठी. एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच भाऊबंद, पण अंगाने बराच मोठा, नर सहज तीनशे किलोच्या वर जातो. कोलोरॅडोत त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. इथली नॅशनल फॉरेस्टची जंगलं आणि बीएलएमची, म्हणजे केंद्राच्या जमीन खात्याची, जमीन सगळ्यांची, म्हणजे खरोखरच कुणीही जावं, तंबू ठोकावा, लायसन असेल तर शिकार करावी. धनुष्याचा सीझन जवळजवळ अख्खा सप्टेंबर चालतो, तोच त्यांच्या माजाचा काळ, नर ओरडत असतात, त्यामुळे सगळ्यांनाच तेव्हा जायचं असतं. पूर्वी बाहेरच्या राज्यातला माणूससुद्धा दुकानात जाऊन धनुष्याचं लायसन घेऊ शकायचा, २०२५ पासून त्यांना सोडतीत नंबर लावावा लागतो, आम्हा रहिवाशांना मात्र बऱ्याच भागांत अजून सरळ मिळतं. तरी पहिल्या आठवड्यात लेबर डेची सुट्टी येते तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी वीस-वीस गाड्या उभ्या असतात. आणि इतक्या लोकांत एल्क मिळतो साधारण दहातल्या एकाला.

आता त्या पाच मैलांचा हिशोब. मोठ्या नराचं हाडं काढून मांस निघतं जवळपास शंभर किलो. दहा हजार फुटांवर, पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत, माणूस एका खेपेला पंचवीस किलो नेईल, म्हणजे चार खेपा. पाच मैल बाहेर, पाच मैल परत आत, असं चार वेळा मांस बाहेर काढायचं तर (शेवटच्या खेपेनंतर परत आत जायचं नसतं) पस्तीस मैल चालणं होतं, त्यातले वीस मैल पाठीवर ओझं. सप्टेंबरात दुपारी ऊन चांगलंच तापतं, कातडं लगेच काढलं नाही, पाय सुटे करून कापडी पिशव्यांत घालून सावलीला टांगले नाहीत, तर मांडीच्या हाडाजवळचं मांस आधी आंबतं, बाहेरून काही दिसत नाही आणि कापल्यावर वास येतो. इथल्या कायद्याने खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे, पण कायद्याचं सोडा, एवढं मोठं जनावर मारायचं आणि अर्धं अस्वलांना सोडून यायचं हे मला पाप वाटतं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. घोडे असतील किंवा तीन-चार धडधाकट मित्र असतील तर जा की दहा मैल. एकट्याने दीड-दोन मैलांच्या पलीकडे बाण सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मुळात तिकडे गर्दी कमी असते हेही आता खरं राहिलेलं नाही. सगळ्यांनी हाच सल्ला वाचलाय ना! मोबाईलवर नकाशे आलेत, जो तो सगळ्यात लांबचं हिरवं कुरण शोधतो आणि सगळे जण तिथेच पोचतात. माझ्या पहिल्या वर्षी मी साडेचार मैल चढून गेलो तर त्या कुरणाच्या कडेला तीन तंबू आधीच लागलेले होते.

मग एल्क कुठे असतात? त्यांना अंतर कळत नाही, त्यांना त्रास कळतो. जिथे माणूस येत नाही तिथे ते जातात, मग ती जागा रस्त्यापासून अर्ध्या मैलावर का असेना. ओरेगॉनमध्ये स्टार्की नावाचं एक प्रायोगिक जंगल आहे, तिथे एल्कच्या गळ्यात कॉलर घालून बघितलं गेलं की चारचाकी बाइक, सायकल, घोडा, पायी माणूस यांच्यापासून ते किती लांब सरकतात, तर सगळ्यांपासूनच सरकतात, सगळ्यात जास्त बाइकपासून. वायव्य कोलोरॅडोतही दिसलंय की शिकारी आत शिरले की कळप सरकारी जंगल सोडून खाजगी रँचवर जाऊन बसतात. म्हणून मी नकाशावर आधी वाटा बघतो, गाडीतळ बघतो, आणि मग त्यांच्यामधली कुणालाच नको असलेली जागा शोधतो. रस्त्याच्या वर सगळे चढतात, रस्त्याच्या खाली कुणी उतरत नाही, कारण परत चढायचं असतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावरचं दाट जंगल, भुंग्याने मारलेली झाडं जिथे आडवीतिडवी पडलीयेत, जिथे शंभर पावलं जायला दहा मिनिटं लागतात, तिथे लोक जात नाहीत. माझी आत्ताची जागा कच्च्या रस्त्यापासून सव्वा मैल आहे, एक खडी घळ, रस्त्यावरून बघितलं तर कुणी म्हणणार नाही की इथे काही असेल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि लेखात तिच्यावर एकच ओळ होती. आपल्याला शाळेत भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकवले होते, रात्री थंड हवा उतारावरून खाली येते, दिवसा ऊन लागलं की दरीतून वर चढते. मी ते दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. इथे सगळी शिकार त्यावर आहे. सकाळी एल्क खालच्या कुरणातून चरून वर झोपायच्या जागी जात असतात, वारा वरून त्यांच्या तोंडावर येत असतो, तेव्हा तुम्ही त्यांच्या खालून मागे मागे जाऊ शकता. पण ऊन उताराला लागलं की नऊ-साडेनऊला वारा उलटतो, आणि हीच वेळ घात करते. माझ्या दुसऱ्या वर्षी चौदा जनावरं माझ्या वर साठ-सत्तर यार्डांवर होती, मी त्यांचा वास घेत होतो, अगदी आपल्या गोठ्यासारखा वास येतो, आणि अचानक मानेवर मागून झुळूक लागली. मी पाय उचललासुद्धा नव्हता. सगळ्यात पुढची म्हातारी मादी थांबली, मान वर केली, भुंकल्यासारखा एक आवाज काढला, आणि अर्ध्या मिनिटात डोंगर रिकामा. तेव्हापासून नऊ वाजले की मी बसतो किंवा आडवा सरकून त्यांच्या बाजूला नाहीतर वरच्या अंगाला जातो. खिशात पावडरची छोटी बाटली असते, दर पाच मिनिटांनी फुस्स करून बघतो पावडर कुठे जाते. पानं हलली म्हणून वारा कळला असं समजू नका, पानांवरचा वारा वेगळा आणि तुमच्या गुडघ्याजवळचा वेगळा.

तिसरी गोष्ट मला शिकायला चार वर्षं लागली. गर्दीला शिव्या देण्यापेक्षा गर्दी कशी चालते ते शिका. जुन्या काळी आपल्याकडे शिकारीला हाकारे लावायचे, ते रान उठवायचे आणि शिकारी नाक्यावर गप्प बसायचा. इथे हाकारे फुकट आहेत! लोक पहाटे पाच-सव्वापाचला डोक्याला दिवे लावून त्याच वाटेने चढतात, सात वाजता त्याच धारेवर उभे राहून बुगल वाजवतात, दहाला भूक लागली की तंबूत परततात, चारला पुन्हा निघतात. शनिवार-रविवार हे जास्त, मंगळवार ते गुरुवार कमी. मी तीन सकाळी फक्त बसून हे बघितलं, धनुष्य खाली ठेवून, कोण कुठून येतं, आणि एल्क उठले की कुठल्या खिंडीतून निसटतात. चौथ्या वर्षी एका गुरुवारी, सप्टेंबरचा तिसरा आठवडा, मी अंधारात त्या खिंडीच्या कडेला एका आडव्या लाकडामागे जाऊन बसलो. सात वाजून वीस मिनिटांनी वरच्या धारेवर कुणीतरी बुगल वाजवला. मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी फांद्या मोडल्याचा आवाज, मग खुरांचा, आणि तीन माद्या एकामागून एक माझ्यासमोर बावीस यार्डांवरून खाली उतरल्या, घाबरून पळत नव्हत्या, नुसत्या बाजूला होत होत्या. आमच्या युनिटात, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागात, नर-मादी दोन्ही चालतं. दुसरी थांबली, कान मागे वळवले, ओठाला गवताची काडी चिकटलेली होती ती अजून डोळ्यासमोर आहे. ती दिवसभरातली एकच संधी होती आणि एक शब्दही न वाजवता मिळाली. बाण दोन्ही फुफ्फुसांतून गेला, साठ-सत्तर पावलांवर ती पडली, तरी मी पाऊण तास जागचा हललो नाही. एक वाजेपर्यंत दोन खेपा मांस सावलीतल्या कूलरमध्ये होतं.

बुगलबद्दल म्हणूनच सांगतो. वाजवूच नये असं नाही, पण गर्दीच्या जंगलात पहिल्या आठवड्यातच नरांनी दहा-दहा खोटे बुगल ऐकलेले असतात, ते गप्प होतात किंवा माद्या हाकत उलट्या दिशेला निघून जातात. एका सकाळी मी चाळीस मिनिटं एका नराशी ‘बोलत’ त्याच्या जवळ जवळ गेलो, झाड ओलांडलं तर समोर नळी तोंडाला लावलेला माणूस, त्याच्या दोरीवर बाण चढवलेला. धनुष्याच्या सीझनमध्ये आम्हाला नारिंगी जाकीट सक्तीचं नाही, त्यामुळे हे फार गंभीर आहे, आम्ही दोघंही पांढरे पडलो होतो. तेव्हापासून मी फक्त मादीचा हलका ‘म्यँव’ असा आवाज काढतो, तोही एल्क तिथे आहे हे कळल्यावर. आणि महिन्याच्या मध्यात नऊ दिवस ठासणीच्या बंदुकवाले त्याच जंगलात असतात, त्यांना नारिंगी सक्तीचं आहे, तेव्हा मीही चालताना नारिंगी टोपी घालतो आणि बसल्यावर पाठपिशवीला नारिंगी रुमाल बांधतो. एल्कला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही.

गाडीतळावर आधीच गाडी असेल तर दुसरीकडे जा. यासाठी तीन-चार जागा आधीच ठरलेल्या पाहिजेत, नाहीतर माणूस चिडून तिथेच शिरतो आणि दोघांचंही वाटोळं होतं. ऑगस्टमध्ये दोन शनिवार-रविवार धनुष्याशिवाय जाऊन या, ताज्या लेंड्या, घासलेली झाडं, चिखलात लोळायची डबकी बघून ठेवा, दुपारी सगळे तंबूत असतात तेव्हा अशा डबक्याजवळ बसण्यासारखं सुख नाही. राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी प्रत्येक युनिटचे आकडे छापतं, किती शिकारी आले, किती एल्क मिळाले, ते फुकट आहे, व्हिडिओ बघण्यात रात्री घालवण्यापेक्षा ते तक्ते वाचा.

गर्दीचा सगळ्यात वाईट परिणाम म्हणजे घाई. आपण नाही सोडला तर पुढचा सोडेल, म्हणून लोक साठ-साठ यार्डांवरून बाण सोडतात. माझ्या डोळ्यांनी मी पोटात बाण लागलेली मादी बघितलीये, संध्याकाळची, आणि ज्याने सोडला तो लगेच मागे धावला, त्यामुळे ती आणखी लांब गेली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही चार जणांनी शोधली, नाही मिळाली. पोटाला लागलं असेल तर आठ-दहा तास हलायचं नसतं. त्यापेक्षा तिसापलीकडे सोडायचाच नाही असं घरून ठरवून निघा, मी तसंच ठरवलंय आणि त्यापायी दोन चांगले नर सोडून दिलेत, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

काही वाचकांना हा विषयच आवडणार नाही हे मला माहितीये. माझ्या आईलाही आवडत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, आपल्या जंगलांची तेव्हा गरजच ती होती. इथली गोष्ट वेगळी आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतसुद्धा एल्क संपत आले होते, १९१३-१४ साली एस्टेस पार्कला यलोस्टोनहून आणून सोडावे लागले, आणि आज ते लाखांनी आहेत त्यात शिकाऱ्यांच्या लायसनच्या पैशाचा मोठा वाटा आहे. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. आमच्या घरी वर्षभर दुसरं लाल मांस येत नाही.

तुम्हाला एवढीच विनंती आहे की तो लेख वाचून कुणी यंदा निघणार असेल तर त्याच्यापर्यंत निदान चार खेपांचा आणि पस्तीस मैलांचा हिशोब पोचावा, जागा कमी असेल तर बाकीचं पत्र कापा पण तेवढं छापा. आणि जे मूळ लेखक आहेत त्यांना माझा निरोप द्या, ऑगस्टमध्ये इकडे असतील तर मी त्यांना माझी ती घळ दाखवायला तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ जुन्नरचा, सध्या डेन्व्हर, कोलोरॅडो)