इथे पुन्हा पेटेल का?

सारायेवो,
३० नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे परत पेटणार का गं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. पेटेल असं मला वाटत नाही. पण विझलंय असंही म्हणवत नाही.

पेपरात ज्या डोडिकचं नाव आलं, तो रिपब्लिका स्रप्स्काचा, म्हणजे बोस्नियातल्या सर्बबहुल भागाचा अध्यक्ष होता. श्मिट या जर्मन गृहस्थांचे आदेश त्याने धुडकावले. फेब्रुवारीत कोर्टाने १ वर्ष कैद आणि ६ वर्षं राजकारणबंदी सुनावली, ऑगस्टमध्ये अपिलातही ती टिकली. कैदेऐवजी दंड भरून सुटला, खुर्ची मात्र गेली. गेल्या रविवारी त्या जागेसाठी निवडणूक झाली आणि त्याचाच माणूस थोडक्या मतांनी पुढे आला!

आता हे श्मिट कोण? १९९५ च्या डेटन कराराने इथल्या बोस्नियाक (म्हणजे मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब यांच्यातलं युद्ध थांबलं; त्यात साधारण १ लाख माणसं गेली होती. देश दोन भागांत वाटला गेला आणि करार पाळला जातो की नाही हे बघायला परदेशी 'उच्च प्रतिनिधी' बसवला. १९९७ साली बॉनच्या बैठकीत त्याला जादा अधिकार मिळाले: कायदा लादायचा, निवडून आलेल्यालाही घरी बसवायचं. पॅडी ॲशडाउन यांनी २००४ मध्ये एका दिवसात जवळपास ६० सर्ब पदाधिकारी काढले होते. या प्रतिनिधीला इथल्या एकाही माणसाने मत दिलेलं नसतं.

सगळंच वाईट झालं असं नाही. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ए, ई, जे, के, एम, ओ, टी एवढीच अक्षरं दिसतात, कारण ती रोमन आणि सर्ब वापरतात ती सिरिलिक, अशा दोन्ही लिप्यांत सारखी आहेत. पूर्वी पाटीवरून गाडी कुठल्या बाजूची ते कळायचं आणि पलीकडे जायला लोक घाबरायचे. १९९८ मध्ये प्रतिनिधीने या पाट्या आणल्या, झेंडाही त्यानेच ठरवला, कारण यांचं आपसात जमेना.

पण जिल्हा परिषदेवर प्रशासक आला तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? फायली हलतात, पण पुढारी निवांत होतात. गाऱ्हाणं नेलं की "प्रशासकांना विचारा". इथे ३० वर्षं तेच चाललंय. रोजचा कारभार श्मिट बघत नाहीत, पण शेवटी कुणीतरी थांबवणार हे माहीत असल्याने पुढारी वाट्टेल ते बोलतात. फुटून निघू म्हणायचं, मतं घ्यायची, आणि निस्तरायला जर्मन आहेच.

आणि जिथे खरोखर हात घालायला हवा, तिथे त्यांचाही इलाज चालत नाही. देशाचं अध्यक्षपद तिघांचं: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा माणसाला उभंच राहता येत नाही. हा भेदभाव आहे, असं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. तरतूद अजून तशीच आहे, कारण राज्यघटना म्हणजे त्या कराराचंच परिशिष्ट, आणि ती बदलायला तिन्ही बाजू राजी व्हाव्या लागतात.

माझ्या घरमालकीणबाई युद्धात सारायेवोला पडलेल्या वेढ्याची जवळपास ४ वर्षं याच घरात राहिल्या. त्यांना श्मिट अजिबात आवडत नाहीत. मग जाऊ देत की, म्हटलं, तर लगेच, "नको, आत्ता नको." माझंही मत सध्या असंच अर्धवट आहे.

बेळगावच्या काकांना सांगा, १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती त्यांच्याच मराठा लाइट इन्फंट्रीचे होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. सेना क्रोएशियासाठी, मुख्यालय मात्र सारायेवोत! आता युरोपीय सैन्य आहे, पण सुरुवातीच्या ६० हजारांपुढे मूठभर.

मी राहते त्या दोब्रिन्यात ट्रॉलीबसचा शेवटचा थांबा आहे. तिथून थोडं चाललं की पूर्व सारायेवोचा बसस्टँड, म्हणजे देशाचा दुसरा, सर्बबहुल भाग. ना नाका, ना पोलीस. दुकानांवरच्या पाट्या तेवढ्या सिरिलिक होतात. बेलग्रेडच्या बऱ्याच बस तिथूनच सुटतात. मी बिनधास्त जाते.

पुढच्या ऑक्टोबरात देशभर निवडणूक आहे. यायचं तर त्याआधी, मे-जूनमध्ये या. जुन्या शहरात चढ फार, आईचा गुडघा कुरकुरेल. दोब्रिन्या मात्र सपाट आहे. येताना गोडा मसाला आणा.

तुमची,
मुक्ता