‘सई’ हवी, मग ‘सखू’ का नको?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले मुलींच्या नावांचे पान वाचले. सध्या चलती असलेल्या नावांच्या चौकटीत ‘सई’ आहे आणि पुढे अर्थ छापला आहे : ‘फूल; साईबाबांची कृपा’. त्याच पानावर खाली, ‘सखू, ठकू, गंगू ही नावे आता कायमची हद्दपार झाली’ असे हसत हसत लिहिले आहे. माझ्या आईचे नाव सखुबाई. नातीचे नाव सई. चौकटीने नातीच्या नावाचा अर्थ चुकवला आणि खालच्या ओळीने आईला गावाबाहेर काढले, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त मुद्रितशोधक. 1981 साली साताऱ्यात एका छापखान्यात लागलो. त्याच वर्षी ‘चश्मे बद्दूर’ आला होता आणि सिनेमाच्या मजकुरात दिग्दर्शिकेचे नाव वारंवार यायचे. आमचा कंपोझिटर प्रत्येक वेळी खिळे जुळवायचा ते ‘सही परांजपे’ असे. मी लाल शाईने ‘ह’ उडवायचो, दुसऱ्या प्रुफात तो परत हजर. एकदा वैतागून विचारले, तर म्हणाला, “साहेब, सई असं नाव असतं का कुठं? म्हटलं तुमचीच चूक असेल.” तेव्हा परांजपे बाईंखेरीज दुसरी सई आम्हा दोघांनाही माहीत नव्हती. आज माझ्या नातीच्या पाळणाघरात दोन आहेत, आणि त्यांना ‘मोठी सई’, ‘छोटी सई’ म्हणतात.

गंमत अशी की कंपोझिटर चुकला तो फार जुन्या वाटेने चुकला. संस्कृतातली ‘सखी’ प्राकृतात ‘सही’ होते. ‘ख’, ‘घ’, ‘ध’, ‘भ’ ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की प्राकृतात त्यांचा नुसता ‘ह’ उरतो. दधीचे दही झाले ते असेच, आणि गोधूमाचा गहू, बधिराचा बहिरा. पुढे मराठीने कधी कधी तो ‘ह’ही गिळला. साधूचा साहू आणि साहूचा साव झाला, तशी सखीची सही आणि सहीची सई. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यातल्या बायका मन मोकळे करतात ते ‘सहि’ अशी हाक मारून. (त्या संग्रहाचे नाव ‘सत्तसई’. ती ‘सई’ मात्र ‘शती’वरून आलेली, म्हणजे सातशेवाली, आमच्या सईशी तिचा संबंध नाही. असे जुळे शब्द मुद्रितशोधकाचे आयुष्य कमी करतात.)

तेव्हा सई म्हणजे मैत्रीण. फूल कुठून आले, देव जाणे. ‘आठवण’ असाही अर्थ काही जण देतात. तो ‘सय’ या शब्दाचा आहे, पण त्यावरून मी भांडायला येणार नाही. ‘साई’वरून मात्र येईन. साई, साईं हा शब्द ‘स्वामी’वरून आला. म्हणजे धनी, मालक. एका कान्याच्या फरकाने तुम्ही मैत्रिणीची मालकीण करून टाकलीत.

यासाठी कोश उघडायचीही गरज नव्हती. आई कराडजवळच्या खेड्यातली. शेजारच्या काकूंना ती नावाने कधी हाक मारत नसे. पितळी वाटी पदराखाली धरून परसदारी जायची आणि कुंपणावरून म्हणायची, “अगं सये, इरजण हाय का गं?” बाईचे जसे ‘बये’, तसे सईचे ‘सये’. सुईच्या सुया, तशा सईच्या सया. जात्यावर बसल्या की त्या साऱ्या एकमेकींच्या सया. शब्द रोजच्या वापरातला होता. त्यातला अर्थ आम्ही विसरलो, आणि मग तोच शब्द गोड, छोटा आणि ‘युनिक’ वाटू लागला.

आता सखूकडे येतो. गंगेची गंगू, यमुनेची यमू, तशी सखीची सखू. मूळ एकच. एकीला प्राकृताने आणि मराठीने घासूनपुसून गुळगुळीत केले, दुसरीला घरच्यांनी लाडाने ‘ऊ’ लावला. याचा सर्वांत देखणा पुरावा इतिहासातच आहे आणि तो कुणी पाहत नाही. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई, फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. त्यांच्या एका मुलीचे नाव सखुबाई. आई सई, लेक सखू! ही सखुबाई पुढे सईबाईंच्याच भावाच्या, बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजींना दिली. म्हणजे सईचे माहेर ते सखूचे सासर. सईबाई 1659 च्या सप्टेंबरात राजगडावर वारल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. राजगडाच्या पायथ्याशी पाल येथे सईबाईंची समाधी आहे. दहाएक वर्षांपूर्वी आईला घेऊन मी तिथे गेलो होतो. गुडघ्यांमुळे तिला गड चढणे शक्य नव्हते. समाधीवर हात ठेवून तिने विचारले, “ह्यांचं नाव काय म्हणालास?” मी सांगितले. “म्हंजी माझंच की,” ती म्हणाली. मी हसण्यावारी नेले. चाळीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्याला जे दिसले नाही ते दुसरी यत्ता शिकलेल्या बाईला ऐकता क्षणी कळले होते.

आईचा जन्म 1942 चा. आदल्या वर्षी प्रभातचा ‘संत सखू’ हा चित्रपट आला होता. आजोबांनी तो तंबूत पाहिला आणि मुलगी झाली तर सखूच, असे तिथेच ठरवले. तशी कराडची सखू त्या भागात घरातलीच. सासरच्यांनी तिला पंढरीला जाऊ नये म्हणून डांबले आणि विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या जागी राबला, ही कथा आम्ही झोपताना ऐकायचो. इतक्या मानाचे नाव मग खाली कसे घसरले? मला वाटते, आम्हीच घसरवले. नाटकात धुणेभांडी करणारी बाई आली की तिचे नाव सखू, एकांकिकेत अडाणी मोलकरीण हवी की सखू. ती प्रुफे मीही तपासली आहेत आणि हसलोही आहे. आई शहरात माझ्याकडे राहायला आली तेव्हा सोसायटीच्या नोंदवहीत तिने स्वतःच नाव सांगितले, “सुलोचना.” मी शेजारी उभा होतो. काही बोललो नाही.

ती गेली 2016 मध्ये. गेल्या वर्षी नात झाली. बारशाआधी नावांची चर्चा चालली होती, तेव्हा मी चाचरत ‘सखू’ सुचवले. मुलगा म्हणाला, “बाबा, अहो शाळेत चिडवतील तिला.” सुनेने मोबाइलवरून आणलेल्या यादीत ‘सई’ होते. सगळ्यांना पसंत पडले. माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, पाळण्यात वाकून कानात नाव सांगितले आणि पाठीत धपाटे खाल्ले. त्या गोंधळात मला आईचे पालचे वाक्य आठवले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. कुणालाही न कळता घरात आईचे नाव ठेवले गेले होते.

लोकप्रिय नावाचे हालही लोकप्रिय असतात, हे त्यानंतर कळले. जन्मदाखला हातात आला त्यावर ‘साई’. इंग्रजी रकान्यात एस, ए, आय लिहिले की संगणक काना देऊन मोकळा होतो. खिडकीतला मुलगा म्हणाला, “काका, इंग्रजीत तेच आहे ना, चालून जातंय.” चाळीस वर्षे ‘चालून जातंय’ ऐकून मी नोकरी केली आहे, तेव्हा तीन चकरा मारल्या आणि दुरुस्त करून घेतले. काही जण यातून सुटायला डबल ई लिहितात, कुणी आणखी एक आय घुसडतात. दक्षिणेत ‘साई’ मुलग्यांतही असते, त्यामुळे पुढे हिला ‘मिस्टर’ म्हणून पत्रे येणार, हे मी गृहीत धरले आहे. सुनेच्या ऑफिसातला रायबरेलीचा सहकारी मात्र खूश झाला. त्यांच्याकडे सई नावाची नदी आहे, पुढे जाऊन गोमतीला मिळते. रामचरितमानसात चित्रकूटाहून परतणारा भरत ती ओलांडतो. आमच्या नदीचे नाव ठेवलेत म्हणून त्याने पेढे मागितले. आम्ही दिले. गैरसमज असला तरी गोड होता.

पुरवणीतल्या लेखिकेवर माझा राग नाही. त्यांनी बहुधा नेटवरच्या याद्यांवर विसंबून अर्थ घेतले असावेत. तिथे प्रत्येक नावाचा अर्थ फूल, देवी किंवा चंद्राचे किरण असतो. माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी : सई म्हणजे मैत्रीण, आणि सखू म्हणजेही तेच. चौकट पूर्वीच्याच जागी असली तर बरे, म्हणजे कात्री लावून नातीच्या वहीत डकवता येईल.

आणि ती छापण्याआधी प्रूफ एकदा कुणाच्या तरी नजरेखालून घालावे. ‘ह’ परत येतो.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा