ॲपलची माघार योग्यच, पण…

महोदय,

ॲपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेच्या मोटारीचा प्रकल्प गुंडाळला, त्याचा दाखला देत 'विजेच्या गाड्यांचे दिवस भरले' अशी हाकाटी अजूनही होते. ती साफ चुकीची आहे. २०१४ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प बॅटरीमुळे अडला नाही. स्टिअरिंग नाही, पेडल नाही, गाडी आपली आपण धावणार, हा आग्रह त्याला भोवला. पुढे तो आग्रह सैल करत नेला, मुदतही वर्षानुवर्षे पुढे ढकलली. फोन अडकला तर बंद करून पुन्हा सुरू करता येतो. भर वेगात, पावसात, समोर अचानक मूल आले तर गाडीला ती सवलत नाही. तिथे अर्धवट तयारीनिशी उतरण्यापेक्षा थांबणे केव्हाही शहाणपणाचे, आणि म्हणून मी या निर्णयाच्या बाजूने आहे.

मात्र खटकते ते ॲपलचे मौन. सुमारे दोन हजार जण या कामावर होते. त्यांपैकी अनेकांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात हलवले गेले. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या डायसन कंपनीने २०१९ मध्ये विजेच्या गाडीतून अशीच माघार घेतली, तेव्हा संस्थापकांनी निदान जाहीरपणे सांगितले, की गाडी उत्तम बनली, पण व्यवहारात परवडत नाही. पुढे त्यांनी ती गाडी लोकांना दाखवलीही. ॲपलच्या चाचणीच्या गाड्या तर कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक रस्त्यांवरून फिरत होत्या. त्या कुठे चुकल्या, कशाला बिचकल्या, ही माहिती कंपनीने संशोधकांसाठी खुली करावी.

– एक वाचक