तयार प्लगइन घे, पण आधी त्यात मराठी घालून बघ

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझी मेल मिळाली. नर्सरीच्या जँगोवरच्या, म्हणजे पायथन भाषेतल्या साईट बनवायच्या चौकटीवरच्या, साईटला ब्लॉग जोडायचाय, तर तो स्वतः लिहू की दुसऱ्यानं लिहिलेलं तयार प्लगइन घेऊ, असं विचारलंयस. फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यातच "बरं बरं" म्हणून ठेवतोस. म्हणून बसून लिहितोय.

मामांच्या चप्पल दुकानाची जँगोवरची साईट तू बघितलीयस. ऑर्डरी, साठा, पायाची मापं, एवढंच होतं त्यात. आता त्यात मामांचे लेख चढतात. चप्पल लाईनीत गिऱ्हाईक रोज तेच विचारतं: कापशी म्हणजे कुठली, पावसात घातली तर चालेल का, नवी किती दिवस चावणार. मामा एकेकाला उभं करून बाभळीच्या सालीपासून आणि हिरड्यापासून चामडं कसं कमावतात ते सांगत बसतात, तोवर मागचं गिऱ्हाईक निघून जातं. आता मामा बोलतात, फोन ऐकून टाईप करतो, मी शुद्धलेखन बघतो. वेलांट्यांचा सत्यानाश झालेला असतो, पण मजकूर अस्सल.

तर उत्तर: तयारच घे. लेख आणि प्रकार ही दोन मॉडेलं (डेटाबेसातल्या तक्त्यांची वर्णनं) तू एका संध्याकाळी लिहिशील रे, पण मसुदे, फीड (नवे लेख आपोआप कळवणारी यादी), जुन्या लेखांची महिन्यावार पानं हे सगळं आपण "नंतर करू" म्हणून ठेवतो आणि ते कधीच होत नाही. शिवाय जँगोचा जन्मच पेपरच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या दैनिकात ते तयार झालं आणि २००५ साली सगळ्यांना खुलं झालं. त्यामुळे रोज मजकूर चढवणाऱ्या माणसाला त्याचं मजकूर भरायचं अ‍ॅडमिन फार परकं वाटत नाही. जँगोवरच्याच वॅगटेलचं नाव तू काढलंस. चांगलंच आहे ते, पण ती अख्खी सीएमएस, म्हणजे साईटचा सगळा मजकूर सांभाळणारी व्यवस्था, आहे. पंधरवड्याला एक लेख टाकणाऱ्याला एवढा पसारा कशाला? मी लहानसं अ‍ॅप घेतलं.

निवडताना गिटहबवरचे (जिथं कोड ठेवतात तिथले) पसंतीचे तारे मोजू नकोस. कोड उघड आणि यूआरएलच्या फाईलीत वरच्या इम्पोर्टच्या ओळी वाच. जँगोचं पानांचे पत्ते जोडणारं जुनं 'यूआरएल' फंक्शन ४.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२१ ला, काढून टाकलं. प्लगइन अजून तेच मागवत असेल तर ते तुझ्याकडे सुरूच होणार नाही. एके काळी बऱ्यापैकी चाललेली कितीतरी अ‍ॅप्स या एका ओळीवर अडून बसलीत.

पिपनं, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरनं, आणलंस, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत नाव घातलंस, यूआरएल जोडलीस, मायग्रेट केलंस, म्हणजे डेटाबेसात तक्ते बनवलेस, की ब्लॉग दिसायला लागतो. यात चहासुद्धा गार होत नाही. पण मायग्रेट करण्याआधी एक कर. मेकमायग्रेशन्स ही डेटाबेसातल्या बदलांच्या फाईली (मायग्रेशन) बनवणारी आज्ञा कोरड्यानं चालव, म्हणजे फाईल न लिहिणारा ड्राय-रनचा पर्याय लावून, आणि प्लगइनच्या नावानं नवं मायग्रेशन निघतंय का बघ. जँगो ३.२ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये आयडीचा (नोंदीच्या क्रमांकाचा) प्रकार जुन्या ऑटोफील्डऐवजी बिगऑटोफील्ड, म्हणजे मोठा आकडा, असतो. जुन्या प्लगइननं स्वतःचा प्रकार सांगितलेला नसेल तर जँगोला वाटतं मॉडेल बदललंय, आणि ते नवं मायग्रेशन थेट साईट-पॅकेजेसमधल्या (पिप जिथं सगळं ठेवतं तिथल्या) प्लगइनच्या फोल्डरात लिहून टाकतं. ती फाईल तुझ्या गिटमध्ये, म्हणजे तुझ्या कोडच्या जतन केलेल्या साठ्यात, नसते. सर्व्हरवर नवीन एन्व्हायर्नमेंट बनवलंस की ती गायब, आणि डेटाबेस मात्र ती लागू झाली म्हणून धरून बसलेला. यावर उपाय सोपा आहे: प्लगइनच्या अ‍ॅपकॉन्फिगवरून (त्याची ओळख देणाऱ्या क्लासवरून) आपला एक छोटा क्लास काढायचा, त्यात आयडीचा प्रकार ऑटोफील्ड म्हणून लिहायचा आणि यादीत त्या क्लासचं नाव द्यायचं. साईट-पॅकेजेसमध्ये हात घालायचा नाही, काहीही झालं तरी.

आता खरी गंमत ऐक. "कोल्हापूर" एवढंच शीर्षक देऊन लेख सेव्ह कर. प्लगइन शीर्षकावरून लेखाचा पत्ता, म्हणजे स्लग, बनवतं. जँगोचं स्लग बनवणारं स्लगिफाय नुसतं चालवलं तर फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवतं, मराठीचं सगळं उडवतं. हातात येतो रिकामा स्लग. मग यादीच्या पानावर त्या लेखाची लिंक बनत नाही, नोरिव्हर्समॅचची (पत्ता जुळत नाही अशी) चूक येते, आणि एका लेखापायी सगळी यादी बंद. कुणीतरी सांगतं, युनिकोडची परवानगी दे. दिलीस की "कोल्हापूर"चं होतं "कलहपर". काना, मात्रा, उकार, हलंत सगळं गेलं! कारण पायथनच्या लेखी ही चिन्हं अक्षरांत मोजलीच जात नाहीत, आणि स्लगिफाय तेवढी वेचून टाकतं. हातानं नीट "कोल्हापूर" लिहिलंस तरी स्लगफील्डची (स्लगच्या रकान्याची) तपासणी त्याच नियमानं ते नाकारते. वर यूआरएलमधला स्लगचा साचा इंग्रजीपुरताच.

तो साचा बदलून, तपासणी बदलून मराठी पत्ते चालवता येतात. मी नाही चालवले. ब्राउझरच्या पट्टीत ते देखणे दिसतात, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेस की बहुतेक वेळा एकेका चिन्हाचे टक्क्याच्या खुणा, इंग्रजी अक्षरं नि आकडे मिळून नऊ-नऊ वर्ण होतात. एकट्या "कोल्हापूर"चे ८१. असली लिंक बघून आपली मावशी व्हायरस आला म्हणून फोन ठेवून देईल. आमच्याकडे रोमन स्लग हातानं भरायचा, आणि तो रकाना रिकामा असेल तर फॉर्म सेव्हच होत नाही. तुझ्याकडे शेतकऱ्यांच्या सल्ल्याचे लेख असणार, तेही व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फिरणार, तेव्हा हेच कर.

वेळेचंही बघ. सेटिंग्जमध्ये टाईमझोन अजून यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर सकाळी नऊला लावलेला लेख दुपारी अडीचला दिसेल. तिथं एशिया/कोलकाता लिही. टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, बदलायची तर त्याच नावानं आपल्या टेम्प्लेट्सच्या फोल्डरात कॉपी ठेव; तो फोल्डर सेटिंग्जमधल्या डीआयआरएस या फोल्डरांच्या यादीत असला की जँगो आपली आधी उचलतं. आणि सीएसएसमध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असेल तर ते आधी शून्य कर, शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतरही वाढव, नाहीतर वरच्या ओळीच्या उकाराला खालच्या ओळीची मात्रा खेटते.

लाईव्ह करण्याआधी एक लेख पूर्ण मराठीत टाक. शीर्षकात जोडाक्षर हवं, प्रकाराचं नावही मराठी, आणि तारीख उद्याची. "लोरेम इप्सम"सारखा भरतीचा रोमन मजकूर टाकून सगळं गुळगुळीत चालतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. प्रकारालासुद्धा स्लग असतो, तिथं हाच घोळ असतो.

तुझी रिक्वायरमेंट्सची फाईल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) आणि निवडलेल्या प्लगइनचा दुवा पाठव, रविवारी बघून सांगतो. मामा विचारत होते, तुझं माप नऊच आहे का अजून? कापशी करायला टाकतायत.

तुझा,
राजारामपुरीकर