पिठाला तहान लागते हे सांगणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेर तुम्ही आपल्या हाय व्होल्टेज लॅबमधून निवृत्त होताय. माझा एम.ई.चा प्रबंध बांधून लायब्ररीत गेला, पण त्यातल्या आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' एवढेच शब्द आले. ते मला तेव्हापासून सलतं आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

बाहेरच्यांसाठी विषय थोडक्यात सांगते. ड्राय टाइप (तेलाशिवायचे) ट्रान्सफॉर्मर आणि सीटी-पीटी, म्हणजे वीजप्रवाह आणि व्होल्टेज मोजायला लागणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, यांच्यात तांब्याच्या तारांभोवती इपॉक्सीचं, म्हणजे वीज अडवणाऱ्या घट्ट राळेचं, ओतकाम असतं. त्यात हवेचा बारीक बुडबुडा राहिला की आत ठिणग्या पडत राहतात. त्यालाच आम्ही पार्शियल डिस्चार्ज म्हणतो. या ठिणग्या इपॉक्सी कुरतडतात, झाडासारख्या फांद्या फोडत पुढे सरकतात आणि एक दिवस आरपार जातात. इपॉक्सीत शंभराला दोन-तीन भाग अ‍ॅल्युमिनाची नॅनो पूड, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी, नीट पसरली, तर त्या फांद्यांच्या वाटेत जागोजागी कण आडवे येतात. खरी जादू कणात नसते, कण आणि इपॉक्सी जिथे चिकटतात त्या सीमेत असते. या विषयातले संशोधक टी. जे. लुईस यांनी १९९४ मध्येच या सीमेकडे बोट दाखवलं होतं. कण ४० नॅनोमीटरचा धरला तर एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग सुमारे ३८ चौरस मीटर भरतो. चिमूटभर पूड, आणि तिचं अंग एका छोट्या फ्लॅटएवढं!

हे सगळं मला पाठ होतं. तरी जुलैत माझे नमुने साध्या, काही न मिसळलेल्या इपॉक्सीपेक्षाही कमी व्होल्टेजला फुटत होते. मी सूत्रं तपासली, मिक्सरचा वेग बदलला, नमुने किती व्होल्टेजला फुटतात याचे वायबुल आलेख पुन्हापुन्हा काढले. बाहेर फोंड्याचा पाऊस धो धो कोसळत होता आणि माझ्या हातात फक्त तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी मी लॅबच्या मागच्या पायरीवर बसून रडले, ते तुम्ही पाहिलंत आणि त्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नाहीत. चहा आणून ठेवलात आणि सरळ माझ्या डेसिकेटरपाशी, पूड कोरडी ठेवायच्या झाकणबंद भांड्यापाशी, गेलात.

आतले ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले होते, म्हणजे ओलीने भरले होते. मी रोज ते झाकण उघडत होते, पण रंग बदललाय हे मला दिसलंच नव्हतं. तुम्ही दोन बोटांत एक दाणा धरलात आणि म्हणालात, "ह्या पिठाक तान लागल्या, बाय."

काका, माझ्या सगळ्या वाचनाचं सार त्या एका वाक्यात होतं. जेवढं अंग मोठं, तेवढी ओल जास्त. अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं. ते कणाभोवती वेष्टनासारखं बसतं आणि ज्या सीमेने ताकद द्यायची, तीच विजेला वाट करून देते. शिवाय ओली पूड गुठळ्या धरते. तुम्ही माझा फुटका नमुना ट्यूबलाइटसमोर धरून आतले रव्यासारखे पांढरे ठिपके दाखवलेत, तेव्हा मला स्वतःचंच काम पहिल्यांदा दिसलं.

मग तुम्ही रोज घरी जाण्याआधी ओव्हन १२० अंशांवर लावून जायचात आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पूड गरम असतानाच डेसिकेटरमध्ये ठेवायचात. गुलाबी दाणे भाजून पुन्हा निळे करायचात. गुठळ्या फोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र चालू असताना भांडं तापू नये म्हणून भोवती घालायला बर्फही तुमच्याच घरच्या फ्रीजमधून यायचा. हे तुमच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हतं.

नव्या नमुन्यांतून पलीकडचा उजेड एकसारखा दुधी दिसला. तेलाच्या टाकीत इलेक्ट्रोडमध्ये पहिला नमुना ठेवून व्होल्टेज चढवत नेलं, तेव्हा साध्या इपॉक्सीचा आकडा ओलांडून काटा पुढे गेला. मी चाचणीभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याच्या दाराकडे धावले, आणि तुम्ही आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडलात, "आधी अर्थिंग रॉड!" उरलेली वीज जमिनीत सोडणारा तो दांडा मी विसरले होते.

आमचं घर पेडण्याला, समुद्राजवळ. पावसाळ्याच्या तोंडावर खारं वारं इन्सुलेटरवर बसतं, पहिल्या भुरभुरीत खांबावर चर्रर्र आवाज होतो आणि वाडा अंधारात जातो. लहानपणी मी तो आवाज मोजत बसायची. खांबावरची ओल वेगळी आणि माझ्या पुडीतली वेगळी, पण ओल काय करते हे मला तुमच्यामुळे कळलं.

तो जुलैतला फुटका नमुना मी जपून ठेवलाय. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं काळं भोक आहे आणि भोवती ते पांढरे ठिपके. चवथीला काकूंना भेटायला येईन तेव्हा घेऊन येते. पहिली गुठळी कुठली, ते पुन्हा एकदा दाखवा.

तुमची,
लॅबमधली बाय